दारातला आणि बागेतला नको असलेला कुत्रा: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"सगळं करून पाहिलं, पण कुत्रा काही हटत नाही," असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा खरोखरच सगळं केलेलं असतं, फक्त उलट्या क्रमाने. आधी बाजारातला फवारा आणायचा, तो चालला नाही की आवाज करणारं यंत्र, तेही चाललं नाही की काठी. कुत्रा का येतो हे बघायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसलाच प्रकार.

कुत्रा विनाकारण एखाद्या पायरीवर रोज येऊन बसत नाही. ते कारण जागेवर असेपर्यंत वास, आवाज, पाणी यांतलं काहीही चार-आठ दिवसांच्या पुढे टिकत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: बघा, कारण काढा, वास धुवा, वाट अडवा, जागा गैरसोयीची करा आणि सगळ्यात शेवटी दचकवा. या सगळ्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. एका रात्रीत निकाल देणारे जे उपाय लोक सांगतात, ते एकतर खोटे असतात किंवा क्रूर.

आधी एवढं हाताशी ठेवा

वही किंवा फोन, घमेलंभर चाळलेली बारीक वाळू, जाड रबरी हातमोजे, कडक तारांचा ब्रश, एन्झाइम असलेला क्लीनर (पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळतो तो), बारीक घराची गंज न धरणारी जाळी, बांधायची तार आणि पक्कड. जमलं तर अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्चही आणा. तो कशाला लागतो ते तिसऱ्या टप्प्यात येईलच.

फवारे आणि यंत्रं आत्ता विकत घेऊ नका. बहुतेकांना त्यांची गरजच पडत नाही.

टप्पा १: आठवडाभर नुसतं बघा

या टप्प्याला लोक सर्वांत जास्त कंटाळतात, आणि नंतरची निम्मी मेहनत वाया जाते ती तो गाळल्यामुळेच. रोज चार गोष्टी टिपा: कुत्रा किती वाजता आला, कुठून आला, येऊन आधी काय केलं आणि किती वेळ थांबला. "आधी काय केलं" हे कधीच गाळू नका. येऊन थेट आडवा झाला तर तो झोपायला येतो. हुंगत हुंगत कोपऱ्याशी गेला आणि पाय वर केला तर खूण करायला येतो. नाक जमिनीला लावून फिरला तर खायला शोधतो. उकरायला लागला तर मातीत काहीतरी आहे किंवा त्याला गारवा हवा आहे. चारही ठिकाणी उपाय वेगवेगळा लागतो.

रात्री जागायची गरज नाही. झोपण्याआधी फाटकाखाली, कुंपणाच्या संशयित फटीपाशी आणि पायरीच्या खाली चाळलेली वाळू हातभर पट्ट्यात पातळ पसरा आणि हाताने सपाट करा. सकाळी पावलं स्वच्छ उमटलेली दिसतात. कुत्र्याच्या पावलात नखांचे ठसे बहुधा दिसतात. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे त्याचं पाऊल गोल आणि बिननखांचं उमटतं. हे सांगायचं कारण म्हणजे वाफे उकरण्याचा आळ कुत्र्यावर येतो आणि पुष्कळदा करणारं मांजर असतं.

माझ्या दारात एक तांबडा कुत्रा पहाटे पावणेपाचच्या सुमाराला यायचा. पायपुसण्यावर झोपतो म्हणून मी ते उचललं, तर तो उघड्या फरशीवर झोपायला लागला. सहाव्या दिवशी मी खिडकीतून नीट पाहिलं. तो आला, पायपुसण्याच्या जागेकडे वळूनही न बघता सरळ मोठ्या कुंडीकडे गेला आणि तिच्या खालच्या ताटलीत जिभेने चपचप पाणी पिऊ लागला. पिऊन झाल्यावर मग तीन फेऱ्या मारून आडवा झाला. तो यायचा पाण्यासाठी, झोप हा वरचा कार्यक्रम. ताटली रिकामी ठेवायला लागल्यावर पाचव्या दिवसापासून तो दिसेनासा झाला. त्याआधी मी दोन महिने फवारे मारत होतो.

*तपासा:* आठवड्याच्या शेवटी "हा कुत्रा अमुक गोष्टीसाठी येतो" असं एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर आणखी तीन दिवस बघा.

*सावध:* कुत्री असेल, तिची आचळं भरलेली दिसत असतील आणि ती ठरावीक जागी ये-जा करत असेल, तर जवळपास पिल्लं आहेत. इथेच थांबा आणि शेवटून दुसरा भाग आधी वाचा.

टप्पा २: कारण काढून टाका

*खाणं.* कचऱ्याच्या डब्याला घट्ट बसणारं झाकण हवं आणि डबा भिंतीला किंवा खांबाला बांधलेला हवा, नाहीतर कुत्रा तो आडवा पाडतो आणि झाकण आपोआप निघतं. पिशवी रात्री बाहेर काढू नका, सकाळी उचलणारे येण्याच्या वेळी काढा. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे आणि मांजरासाठी ठेवलेली ताटली यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही, कुत्र्याचं जातं.

घरातलं किंवा शेजारचं कोणी हळूच काही घालत असेल तर ते आधी शोधा. रोज घालण्यापेक्षा कधीतरी घालणं जास्त घातक असतं. दहा खेपांमध्ये एकदा मिळालं तरी कुत्रा उरलेल्या नऊ खेपा आशेवर येतो, आणि ही सवय मोडायला सर्वांत अवघड जाते. बंद करायचं तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी आणि पूर्ण बंद करायचं.

बंद केल्यावरचे पहिले काही दिवस कुत्रा *जास्त* येईल, जास्त वेळ थांबेल, दार खाजवेल, भुंकेल. ही उपाय फसल्याची खूण नाही, लागू पडत असल्याची आहे: नेहमी उघडणारं कुलूप अडलं की आपण किल्ली दोनदा जोरात फिरवतो, तसंच ते. नेमक्या याच दिवसांत कोणीतरी द्रवतं आणि तुकडा टाकतं. मग कुत्रा शिकतो ते एवढंच, की जास्त वेळ खाजवलं की मिळतं.

*पाणी.* कुंड्यांच्या ताटल्या, गळका नळ, पन्हळीखाली साचलेलं डबकं. उन्हाळ्यात अन्नापेक्षा पाणीच जास्त ओढतं.

*ऊब आणि गारवा.* थंडीत पायपुसणं, गोणपाट, खोक्याचा पुठ्ठा रात्री आत घ्या. चपला-बूट बंद कपाटात जाऊ द्या. घामाचा वास लागलेलं चामडं दात येत असलेल्या पिल्लाला दाराशी बोलावतं. उन्हाळ्यात उलटं होतं: ओला, सावलीतला वाफा म्हणजे कुत्र्याला तयार अंथरूण. बागेला पाणी संध्याकाळऐवजी भल्या पहाटे घाला. दुपारपर्यंत वरचा थर सुकतो आणि वाफ्याची ओढ कमी होते.

*खत.* बागवाल्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी, मासळीचं खत मातीत मिसळायचं आणि मग कुत्रा वाफा का उकरतो म्हणून डोक्याला हात लावायचा. त्याच्या नाकाला ते जेवण आहे. माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींच्या घरात जातात. वितभर माती वर टाकून हा वास लपत नाही. असं खत बंद करा आणि पूर्ण कुजलेलं, मातीचाच वास येणारं कंपोस्ट वापरा.

*सावध:* एरंडीची पेंड कुत्र्याला खावीशी वाटते आणि ती त्याच्या जिवावर बेतू शकते, कारण एरंडीच्या बियांत रायसिन नावाचं विष असतं. कोकोच्या टरफलांचं आच्छादन, गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणि उंदरांचं विषही उघड्या बागेत नको. तुम्हाला कुत्रा नको आहे, मेलेला कुत्रा तर मुळीच नको आहे.

टप्पा ३: वास धुवा, आणि नीट धुवा

कारण काढलं तरी कुत्रा येत राहतो, कारण त्याने किंवा दुसऱ्या एखाद्याने तिथे निरोप लिहून ठेवलेला असतो. लघवीची खूण बहुधा उभ्या वस्तूवर असते: फाटकाचा खांब, भिंतीचा कोपरा, कुंडी, गाडीचं चाक. चाकावर तर हमखास, कारण ते गावभरच्या दुसऱ्या कुत्र्यांचे वास गोळा करून तुमच्या दारात आणून उभं करतं. एकाने खूण केली की दुसरा वर आपली करतो. तुम्ही एका कुत्र्याशी लढताय असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात पाच येऊन गेलेले असतात.

आता धुण्याचा क्रम.

१. रात्री अंधारात अतिनील टॉर्च लावून भिंत आणि फरशी बघा. वाळलेली लघवी फिकट पिवळट-हिरवट चमकते. गुडघ्याखालचा भाग आणि कोपऱ्यांच्या दोन्ही बाजू बघा. खडूने खुणा करा. टॉर्च नसेल तर भिंतीवरचे ओघळ आणि पांढुरके पापुद्रे दिवसा तिरप्या उजेडात शोधा.

२. हातमोजे घालून नुसत्या थंड पाण्याने आणि ब्रशने घासा. उकळतं पाणी नको.

३. जागा ओलसर असतानाच एन्झाइमचा क्लीनर ओता. शिंपडू नका, ओता. लघवी फरशीच्या सांध्यांत आणि सिमेंटच्या छिद्रांत जितकी खोल गेली असेल, तितकं खोल हे औषध पोचलं पाहिजे.

४. डब्यावर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. ऊन असेल तर वर ओलं फडकं टाका. वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं.

५. पाण्याने धुवा, वाळू द्या, रात्री टॉर्चने पुन्हा बघा. जुन्या जागेला दोन-तीनदा करावं लागतं.

एन्झाइमचा क्लीनर मिळत नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन चालवा. पण संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर ते टाकू नका, आम्लाने पॉलिश कायमचं जातं. झाडांच्या मुळाशीही नको.

या टप्प्यातल्या तीन चुका मी पुन्हा पुन्हा बघतो.

पहिली, अमोनिया असलेलं साफसफाईचं द्रावण. लघवी कुजते तेव्हा तिच्यातल्या युरियापासून अमोनियाच तयार होतो. म्हणजे तुम्ही कुत्र्याची खूण पुसत नाही, तिला आणखी गडद करता.

दुसरी, आधी फिनाईल किंवा जंतुनाशक आणि त्यावर एन्झाइम. जंतुनाशकाने एन्झाइम निकामी होऊ शकतं आणि पैसे मोरीत जातात. शिवाय फिनाईलचा तीव्र वास आपल्या नाकाला लघवीचा वास झाकतो, कुत्र्याच्या नाही. त्याला दोन्ही वास वेगवेगळे येतात. फिनाईल चाटण्यातून विषबाधाही होऊ शकते. ओल्या फिनाईलवरून चाललेला कुत्रा नंतर पाय चाटतोच.

तिसरी चूक धोक्याची आहे. ब्लीच कशातही मिसळू नका. ब्लीच आणि अमोनिया, किंवा ब्लीच आणि साचलेली लघवी, एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन. बंद जिन्यात हा प्रकार केलात तर दवाखान्यात तुम्हालाच जावं लागेल.

गवतावर ताजी लघवी झाली असेल तर लगेच बादलीभर पाणी ओता. गवत जळतं ते तिच्यातल्या नायट्रोजनमुळे, पाण्याने तो पातळ होतो. विष्ठा त्याच दिवशी हातमोज्याने उचला. तिच्यात गोलकृमींची अंडी असू शकतात. ती मातीत काही आठवडे पडून राहिली की लागण करण्याजोगी होतात, आणि माती-वाळूत खेळणाऱ्या मुलांना धोका त्यांचाच. भाजीच्या कंपोस्टात ती कधीही टाकू नका.

*तपासा:* धुतल्यानंतर तीन सकाळी कोपरा कोरडा मिळाला का? मिळाला तर पुढे जा. नवा ओघळ दिसला तर त्याच दिवशी पुन्हा धुवा.

टप्पा ४: वाट अडवा

कुंपणाच्या बाहेरून एक फेरी गुडघ्यावर बसून मारा, अगदी शब्दशः. उभं राहून बघितलं तर फटी दिसत नाहीत. हिशोब सोपा आहे: जिथून डोकं जातं तिथून कुत्रा जातो. फाटकाखालची फट चार बोटांपेक्षा जास्त असेल तर खाली लाकडी पट्टी, जाड रबर किंवा जाळी लावा. गजांमधलं अंतर जास्त असेल तर खालच्या दोन फुटांना आतून जाळी बांधा.

उंचीबाबत: मध्यम आकाराचा चपळ कुत्रा एक-सव्वा मीटरचं कुंपण चढून जाऊ शकतो. दीड मीटरपासून पुढे बहुतेक जण नाद सोडतात. पण कुंपणाला टेकवून ठेवलेली लाकडं, पालापाचोळ्याचा ढीग किंवा रिकाम्या कुंड्या म्हणजे आयत्या पायऱ्या. त्या हलवल्या की उंची आपोआप वाढते.

उकरून येणाऱ्या कुत्र्यासाठी लोक जाळी खाली सरळ उभी गाडतात. फूटभर खणून घामाघूम होतात आणि कुत्रा तिच्याही खालून येतो. जाळी आडवी टाका. कुंपणाच्या बुडाशी तारेने घट्ट बांधा आणि बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट रुंद जमिनीवर पसरा. इंग्रजी एल अक्षरासारखा आकार झाला पाहिजे. वर दोन बोटं माती आणि दगड टाका. कुत्रा उकरतो ते कुंपणाच्या अगदी पायाशी, तिथे त्याच्या नखांना जाळी लागते. फूटभर मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही. काही महिन्यांत गवत वर येतं आणि जाळी दिसतही नाही. टोकं आत दुमडायला विसरू नका, पंजा फाटतो.

*सावध:* काटेरी तार, धारदार पात्यांची तार, भिंतीवर काचा, खिळ्यांच्या फळ्या आणि घरच्या विजेचा प्रवाह सोडलेली तार यांतलं काहीही नको. शेवटच्या प्रकाराने कुत्र्याआधी एखादं मूल जाईल.

*तपासा, आणि हे टाळू नका:* शेवटची फट बंद करण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना ते बघा. मी एका संध्याकाळी मोठ्या समाधानाने फट बंद केली आणि रात्री अकराला जिन्याखालून कुंई-कुंई ऐकू आली. एक अर्धवट वयाचा कुत्रा आतच झोपलेला होता, आणि भेदरून त्याने रातोरात दोन वाफे उलथे केले. दिवसा, सगळी फाटकं थोडा वेळ सताड उघडी ठेवून, बागेत फिरून मगच बंद करा.

टप्पा ५: जागा गैरसोयीची करा

कुंपण घालणं शक्य नसेल, म्हणजे रस्त्याला लागून पायरी असेल किंवा सामायिक जिना असेल, तर हाच टप्पा मुख्य. कुत्र्याला दुखवायचं नाही, फक्त "इथे आडवं व्हायला बरं वाटत नाही" एवढंच पटवायचं.

पायरीवर: रात्री पायपुसण्याच्या जागी खडबडीत, उंच दाण्यांची रबरी चटई ठेवा, किंवा दोन-तीन रिकाम्या जड कुंड्या अशा मांडा की मध्ये अंग पसरायला जागा उरू नये. कुत्रा झोपायला भिंतीला पाठ लागेल असा कोपरा निवडतो. कोपरा भरला की उरलेली पायरी त्याला उघडी वाटते. साधी गोष्ट आहे, पण मी पाहिलेल्या दारांपैकी अर्ध्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटला. मांडणी करून स्वतः अंधारात एकदा बाहेर पडून बघा. म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळणार असेल तर मांडणी चुकली.

वाफ्यात: मोकळी, भुसभुशीत, ताजी खणलेली माती कुत्र्याला बोलावते. बी पेरलं की वाफ्यावर मोठ्या घराची जाळी आडवी टाका, कडा मातीत दाबा. रोपं त्या घरांमधून वर येतात. रोपं दाट झाली की जाळी काढली तरी चालते. रोपांभोवती मोठे गोल गोटे किंवा पाइनची सुकी फळं पसरता येतात. नवीन वाफे करणार असाल तर फूट-दीड फूट उंच कठड्याचे करा.

आता बागेतली एक गोष्ट जी बहुतेक जण चुकवतात. कुत्र्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, बहुधा कुंपणाच्या आतून कडेकडेने. तुमच्या कुंपणात फट ठेवणं भाग असेल किंवा घरचाच कुत्रा बागेत फिरत असेल, तर त्या वाटेवर झाडं लावू नका. वितभर रुंद झिजलेला पट्टा दिसतोच. तो तसाच सोडा, खडी टाका आणि वाफे त्याच्या आत सरकवा. वाटेवर लावलेलं रोप दर हंगामात तुडवलं जाईल आणि दर हंगामात तुम्ही चिडाल.

वासाचे उपाय इथे बसतात, पण दुय्यम म्हणून. लिंबू-संत्र्याच्या ताज्या साली किंवा व्हिनेगरचं ओलं फडकं (झाडांपासून लांब) काही कुत्र्यांना नकोसं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही. परिणाम झालाच तर दोन-तीन दिवस, आणि एका पावसात तोही धुऊन जातो.

आणि निळ्या पाण्याची बाटली? कुत्र्याला रंग कमी दिसतात, पण निळा आणि पिवळा हेच त्याला चांगले दिसतात. त्यामुळे बाटली त्याला दिसते हे खरं, तिची भीती मात्र वाटत नाही. नवीन वस्तू म्हणून तो दोन दिवस बिचकतो, तिसऱ्या दिवशी तिच्यावरच पाय वर करतो.

*सावध:* मिरची पूड टाकू नका. ती पंजाला चिकटते, तोच पंजा डोळ्याला लागतो आणि जनावर तासन्‌तास तळमळतं. डांबराच्या गोळ्या खाल्ल्या तर विषारी, मुलांनाही. कॉफीचा चोथा लोक बिनधास्त पसरतात, पण त्यातलं कॅफिन कुत्र्याला बाधतं.

टप्पा ६: शेवटी दचकवणं

पाच टप्पे नीट झाले असतील तर इथे फार थोडे जण पोचतात. जे पोचतात त्यांच्यासाठी सर्वांत चांगलं साधन म्हणजे हालचाल टिपून पाणी उडवणारा स्प्रिंकलर. त्याचा सेन्सर कुत्र्याच्या छातीच्या उंचीला, जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर ठेवा. तो रस्त्याकडे तोंड करून लावू नका, नाहीतर शाळेत निघालेली मुलं भिजतील. वाफ्याच्या कडेकडून आत असा तिरपा लावा, म्हणजे पाणी उडालं की कुत्र्याला बाहेर पळायची वाट मोकळी राहते. कोपऱ्यात अडकलेला कुत्रा पळत नाही, उलटतो. दर आठवड्याला जागा बदला. कडाक्याच्या थंडीत बंद ठेवा.

अल्ट्रासोनिक यंत्रांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. त्यांचा आवाज २० किलोहर्ट्‌झच्या वरचा असतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. कुत्र्याला साधारण ४५ किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं. पण हा आवाज भिंतीआड किंवा दाट झुडपाआड पोचत नाही, म्हाताऱ्या बहिऱ्या कुत्र्याला काहीच फरक पडत नाही आणि बाकीचे सरावतात. शेजारच्या घरातल्या पाळीव कुत्र्याला मात्र नाहक त्रास. लावायचंच तर सतत नको, हालचालीवर सुरू होणारं घ्या आणि पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर काढून ठेवा.

स्वतः हाकलताना एकच "हाड्!", ठाम आवाजात, दारात उभं राहून. मागे धावू नका. तरुण कुत्र्याला तो खेळ वाटतो, घाबरटाला कोपऱ्यात कोंडल्यासारखं होतं. दगड मारणाऱ्याच्या दारातला कुत्रा जात नाही, तो फक्त तो माणूस घरात नसतानाची वेळ शोधतो. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, अंग थोडं तिरपं ठेवा. शेपूट ताठ, अंग आखडलेलं आणि नजर तुमच्यावर खिळलेली असेल तर तोंड न फिरवता हळूहळू मागे सरा आणि दार लावून घ्या. त्या दिवशी एवढंच.

पिल्लं असतील तर

कुत्रीची गरोदरपणाची मुदत साधारण ६३ दिवसांची. पिल्लांचे डोळे जन्मानंतर दहा-चौदा दिवसांनी उघडतात आणि ती आठेक आठवड्यांत आईच्या दुधावाचून राहू शकतात. तोपर्यंत पिल्लं हलवू नका. आई जवळ येणाऱ्या प्रत्येकाला धोका समजते, आणि हलवलेली पिल्लं ती तुमच्याच दारात परत आणते किंवा सोडून देते. या काळात त्या बाजूने जाणं टाळा, मुलांना समजावून सांगा, जवळच्या प्राणी मदत संस्थेला कळवून आईची नसबंदी आणि रेबीजची लस कधी करता येईल ते विचारा. पिल्लं फिरायला लागली आणि ती जागा सुटली की तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात.

कुत्री उचलून लांब नेऊन सोडली की रिकाम्या जागेत काही दिवसांत दुसरी येतात, आणि ती अनोळखी, लस न टोचलेली असतात. नसबंदी झालेला, लस टोचलेला, तुमच्या दाराऐवजी समोरच्या झाडाखाली बसणारा कुत्रा तुम्हाला जास्त परवडतो.

कोणी चावलंच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. जखम लहान दिसते म्हणून थांबू नका.

मालकाचा कुत्रा असेल, किंवा सगळं करूनही आला तर

गळ्यात पट्टा असेल तर पहिल्या टप्प्यातली वही घेऊन मालकाकडे जा. "तुमचा कुत्रा फार त्रास देतो" असं म्हटलं की भांडण होतं. "गेल्या सात दिवसांत पाच वेळा, सकाळी सहा ते साडेसहामध्ये, हे फोटो" असं सांगितलं की तो फिरवण्याची वेळ बदलतो किंवा साखळी लावतो. सगळेच ऐकतात असं नाही.

मोकाट कुत्रा थांबून थांबून पुन्हा दिसला तर नवीन काही विकत आणण्याआधी वाळू पुन्हा पसरा. माझा तांबड्या दोन महिन्यांनी एकदा परत आला होता. सकाळी वाळूतली पावलं बघितली, तर ती फाटकातून सरळ कुंडीकडे गेली होती आणि तिथून लगेच परत फिरली होती. आदल्या रात्री पाऊस पडून ताटली भरली होती, आणि मी ती उपडी करायला विसरलो होतो.